विश्लेषण : चित्रकला सात गुणांपुरतीच? कारखान्यांच्या पट्ट्याला रेषा, छटा आणि पोत यांची भाषा का हवी?

नव्या गाडीजवळ भर दुपारी उन्हात उभे राहून नीट पाहिले, तर कधी कधी एक गंमत दिसते. शोरूमच्या दिव्यांखाली दरवाजा आणि बंपर अगदी एका रंगाचे होते. उन्हात मात्र बंपर किंचित पिवळट वाटतो. हा डोळ्यांचा भास नसतो. दरवाजा पत्र्याचा, बंपर प्लास्टिकचा, आणि दोन्ही बहुतेकदा वेगवेगळ्या ठिकाणी रंगवून येतात. दोन रंगांतली रंगद्रव्ये वेगळी असतील, तर ते एका प्रकाशात जुळतात आणि दुसऱ्या प्रकाशात जुळत नाहीत. रंगशास्त्रात याला ‘मेटामेरिझम’ म्हणतात. पेंट शॉपमध्ये साधे नाव आहे : कलर मिसमॅच. तपासणीत असा बंपर सापडला की तो परत जातो, पुन्हा रंगवला जातो किंवा भंगारात निघतो. त्याचा हिशेब कुणाच्या तरी शिफ्टच्या रिजेक्शनमध्ये लागतो.

पिंपरी, चिखली, भोसरी किंवा चाकणमधल्या अनेक घरांत हा हिशेब रोज संध्याकाळी घरी येतो. त्याच घरात आठवीतल्या मुलीच्या दप्तरात पोस्टर कलरचा डबा असतो. तिला चित्रकलेची ग्रेड परीक्षा द्यायची असते. घरात त्यावर एकच प्रश्न विचारला जातो, ‘दहावीला किती मार्क वाढतात?’ प्रकाश बदलला की रंग बदलतो, हे तिला चित्रकलेच्या तासाला कळते. वडिलांना तेच पेंट शॉपमध्ये सोसावे लागते. पण दोघेही एकाच गोष्टीबद्दल बोलत आहेत, हे त्यांना कुणी सांगितलेले नसते.

इथेच खरे नुकसान होते. चित्रकलेचे मूलभूत शब्द, तंत्रे आणि साहित्य ही या औद्योगिक पट्ट्याची कामाची भाषा आहे. ती वाढीव गुणांच्या रांगेत उभी करून सोडून देणे या शहराला परवडणारे नाही.

ग्रेड परीक्षा म्हणजे काय? गुण किती मिळतात?

राज्याचे कला संचालनालय शासकीय रेखाकला परीक्षा घेते. तिच्या दोन पायऱ्या आहेत : एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. वस्तुचित्र किंवा स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, तसेच भूमिती आणि अक्षरलेखन असे तिचे विषय असतात. समोर ठेवलेली वस्तू पाहून काढणे म्हणजे वस्तुचित्र. पाहिलेला प्रसंग आठवून काढणे म्हणजे स्मरणचित्र. आकारांची रचना करून नक्षी तयार करणे म्हणजे संकल्पचित्र. इंटरमिजिएटच्या भूमितीत घनभूमितीही येते. म्हणजे एखादी घन वस्तू समोरून, वरून आणि बाजूने कशी दिसेल, हे कागदावर मांडायचे असते.

इंटरमिजिएट उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला दहावीच्या निकालात वाढीव गुण मिळतात. ‘ए’ श्रेणीला ७, ‘बी’ला ५ आणि ‘सी’ला ३. पाचशे गुणांच्या हिशेबात ७ गुण म्हणजे १.४ टक्के. अकरावीच्या प्रवेशात एवढ्याने महाविद्यालय बदलू शकते. त्यामुळे पालकांचा प्रश्न चुकीचा नाही. चूक एवढीच की प्रश्न तिथेच संपतो. दहावीची गुणपत्रिका हातात पडली की रंगाचा डबा माळ्यावर जातो. पुढे त्यातली बरीच मुले आयटीआय, डिप्लोमा किंवा इंजिनीअरिंगला जातात आणि तिथे ‘ड्रॉइंग’ नावाचा विषय पाहून दचकतात. तो त्यांना नवा वाटतो. प्रत्यक्षात त्याची निम्मी बाराखडी त्यांनी शाळेत गिरवलेली असते.

रेषा : चित्रातली आणि जॉबच्या ड्रॉइंगवरची

बिंदू, रेषा, आकार, छटा, रंग, पोत आणि अवकाश हे दृश्यकलेचे मूलभूत घटक मानले जातात. त्यातली रेषा सर्वांत ओळखीची. चित्रकार रेषेची जाडी बदलून अर्थ बदलतो. जवळची कडा ठळक, लांबची पुसट. सावलीसाठी जवळजवळ समांतर रेषा ओढल्या की ते हॅचिंग. त्यांवर आडव्या दिशेने पुन्हा रेषा ओढल्या की क्रॉस हॅचिंग.

कारखान्यातल्या ड्रॉइंगमध्येही जाडी आणि प्रकार बदलला की रेषेचा अर्थ बदलतो. तिथे हा अर्थ ठरवून दिलेला असतो. जाड सलग रेषा म्हणजे दिसणारी कडा. तुटक रेषा म्हणजे आत दडलेली कडा. एक लांब, एक आखूड अशी बारीक रेषा म्हणजे मध्यरेषा. साधारण ४५ अंशांत ओढलेल्या बारीक समांतर रेषा दिसल्या, तर तो भाग कापून आतून दाखवला आहे, असे समजायचे. चित्रात जे हॅचिंग सावली दाखवते, तेच इथे छेद दाखवते. तुटक रेषेला दिसणारी कडा समजून भोक पाडले की तो जॉब गेलाच.

पेन्सिलही तशीच. पेन्सिलीत शिसे नसते. ग्रॅफाइट आणि चिकणमाती यांचे मिश्रण असते. फ्रान्समध्ये निकोला-जाक काँते याने १७९५ मध्ये ही पद्धत शोधली. माती जास्त तर पेन्सिल कडक आणि रेषा फिकी. ग्रॅफाइट जास्त तर पेन्सिल मऊ आणि रेषा काळी. ‘एच’ म्हणजे कडक, ‘बी’ म्हणजे काळी, ‘एचबी’ म्हणजे मधली. भूमितीच्या बारीक रेषेला २एच आणि छटेला ४बी किंवा ६बी का वापरायची, ते यातून कळते. अनेक मुले सगळी कामे एचबीनेच करतात आणि मग ‘माझी सावली काळी होत नाही’ म्हणून हात जड करतात. कागद फाटतो, सावली होत नाही. दोष हाताचा नसतो, साहित्याची निवड चुकलेली असते.

यथार्थदर्शन आणि आयसोमेट्रिक यांत फरक काय?

आकुर्डी स्टेशनच्या फलाटाच्या टोकाला उभे राहून पाहिले तर दोन्ही रूळ दूरवर एका बिंदूत मिळाल्यासारखे दिसतात. ते मिळत नाहीत, हे सर्वांना माहीत असते. जसे दिसते तसे काढण्याच्या पद्धतीला यथार्थदर्शन म्हणतात. रेषा जिथे मिळताना दिसतात तो लोपबिंदू, आणि तो ज्या रेषेवर असतो ती डोळ्याच्या उंचीवरची क्षितिजरेषा.

कारखान्याला मात्र दिसते तसे चित्र पुरत नाही. दूरचे भोक लहान काढले तर त्याचे माप कसे घेणार? म्हणून तिथे समांतर रेषा समांतरच ठेवतात. आयसोमेट्रिक चित्रात वस्तूच्या दोन बाजू आडव्या रेषेशी ३० अंशांत काढतात आणि माप कुठेही आक्रसत नाही. त्याहून नेमके हवे असेल तर समोरून, वरून आणि बाजूने अशी स्वतंत्र दृश्ये काढतात. भारतात त्यासाठी ‘फर्स्ट अँगल’ पद्धत आहे. तिच्यात वरून दिसणारे दृश्य समोरच्या दृश्याच्या खाली काढले जाते. अमेरिकेत ‘थर्ड अँगल’ पद्धत चालते आणि तेच दृश्य वर येते. निर्यातीचे काम करणाऱ्या लहान वर्कशॉपमध्ये दोन्ही प्रकारची ड्रॉइंग येऊ शकतात. कोपऱ्यातले छाटलेल्या शंकूचे चिन्ह पाहायचे राहिले, तर डाव्याचा भाग उजव्याला तयार होतो.

इंटरमिजिएटच्या घनभूमितीत मूल हेच करत असते. फक्त तिथे शंकू आणि लोलक असतात, इथे ब्रॅकेट आणि हाउसिंग. शाळेत हे नाते एकदा दाखवले तरी पुढचे भय बरेच ओसरेल.

छटा : पोचा कसा सापडतो?

वस्तुचित्रात चेंडू काढायला सांगतात, तो छटा शिकवण्यासाठी. चेंडूवर एका बाजूने प्रकाश पडला की पाच गोष्टी दिसतात. सर्वांत उजळ ठिपका, मधली छटा, गडद छटा, जमिनीवरून उलटून आलेला मंद परावर्तित प्रकाश आणि जमिनीवर पडलेली छाया. या पाच गोष्टी जमल्या की कागदावरचे वर्तुळ गोल दिसू लागते. त्यातला परावर्तित प्रकाश बहुतेक मुले विसरतात आणि चेंडू चपटा राहतो.

गाडीच्या अंतिम तपासणीत ओळीने लावलेल्या ट्यूबलाइट असतात, त्या फक्त उजेडासाठी नसतात. तपासनीस पत्र्यावर पडलेले ट्यूबचे प्रतिबिंब पाहतो. प्रतिबिंबाची रेषा सरळ वाहत गेली तर पत्रा ठीक. ती कुठे वाकली, थरथरली, तर तिथे पोचा आहे. हाताला न लागणारा पोचा डोळ्याला असा सापडतो. संगणकावर गाडीचा पृष्ठभाग तपासतानाही त्यावर झेब्र्यासारखे काळे-पांढरे पट्टे पाडून ते कुठे तुटतात ते पाहतात. चेंडूच्या छटा नीट पाहायला शिकलेला डोळा हे काम लवकर शिकतो.

गाडीचे रूप ठरवतानाही छायाप्रकाशच कामाला येतो. गाडीचा नमुना आजही अनेक स्टुडिओंत खास मातीत घडवतात. ही माती आपल्या शाडूसारखी पाण्याने भिजत नाही. तिच्यात मेण आणि तेल असते, त्यामुळे ती गरम केली की मऊ होते आणि थंड झाली की घट्ट. नमुना तयार झाला की त्यावर चकचकीत फिल्म चढवून प्रकाश कसा घरंगळतो ते पाहतात. मूर्तिकार शाडूच्या गणपतीच्या सोंडेवरून हात फिरवत उजेडाकडे वळवून बघतो, त्याच जातीचे हे काम आहे.

रंगाचे तीन गुण कोणते?

‘लाल’ म्हटले की रंग सांगून झाला, असे आपल्याला वाटते. चित्रकाराला ते पुरत नाही. रंगाचे तीन गुण असतात. पहिला, त्याचे नाव : लाल, पिवळा, निळा. दुसरा, तो किती उजळ किंवा गडद आहे. तिसरा, तो किती तीव्र किंवा मळलेला आहे. वीट आणि कुंकू दोन्ही लालच. फरक तीव्रतेचा आहे.

ही तीन गुणांची पद्धत नीट मांडली ती अल्बर्ट मन्सेल या अमेरिकन चित्रकार आणि कलाशिक्षकाने. १९०५ मध्ये त्याने ती पुस्तकरूपात प्रसिद्ध केली. विद्यार्थ्यांना रंग नेमकेपणाने सांगता यावा, हा त्याचा हेतू होता. पुढे ही पद्धत मातीच्या परीक्षणापासून उद्योगापर्यंत पोहोचली. आज कारखान्यात स्पेक्ट्रोफोटोमीटरने रंग मोजतात आणि ‘एल, ए, बी’ अशा तीन आकड्यांत लिहितात. आंतरराष्ट्रीय पातळीवर ही मापनपद्धत १९७६ मध्ये ठरली. त्यातला ‘एल’ म्हणजे रंग किती उजळ, आणि ‘ए’ व ‘बी’ मिळून रंगाची दिशा आणि तीव्रता. नमुना आणि भाग यांच्या आकड्यांतल्या अंतराला ‘डेल्टा ई’ म्हणतात. ते ठरलेल्या मर्यादेबाहेर गेले की भाग नापास.

मेटॅलिक रंगात अॅल्युमिनियमचे सूक्ष्म पापुद्रे असतात. ते ज्या दिशेला आडवे पडतात त्यावर चमक ठरते. म्हणून मेटॅलिक रंग एका कोनातून मोजून भागत नाही. तो १५ अंशांपासून ११० अंशांपर्यंत वेगवेगळ्या कोनांतून मोजतात. तरीही शेवटी भाग एका लाइट बूथमध्ये ठेवून माणूस डोळ्यांनी पाहतोच. दिवसाच्या उजेडासाठी तिथे ‘डी६५’ नावाचा प्रमाण प्रकाश असतो, साधारण ६५०० केल्विनचा. मग दिवा बदलून पुन्हा पाहतात. सुरुवातीचा बंपर पकडायचा तो इथेच.

मोबाइल वापरणाऱ्यांनाही ही ओळख उपयोगाची आहे. स्क्रीनवर रंग प्रकाशाने तयार होतो. लाल, हिरवा, निळा मिळून पांढरा. छपाईत तो शाईने तयार होतो. निळसर, किरमिजी आणि पिवळ्या शाईच्या जोडीला काळी. म्हणूनच व्हॉट्सअॅपवर पसंत केलेल्या लग्नपत्रिकेचा झगझगीत हिरवा छापून आला की मंद दिसतो. छापखानेवाल्याने फसवलेले नसते. तो हिरवा त्या शाईत नसतोच.

पोत आणि साहित्य : जलरंग ते क्लिअर कोट

पोत म्हणजे पृष्ठभागाचा स्वभाव : खरखरीत, गुळगुळीत, सुरकुतलेला. तो हाताला जाणवतो किंवा नुसता डोळ्याला भासतो. पेंट शॉपमध्ये ‘ऑरेंज पील’ नावाचा दोष असतो. रंग चकचकीत असतो, पण पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा दिसतो. स्प्रेचा दाब, रंगाचा दाटपणा, वाळण्याचा वेग यांपैकी काहीतरी बिघडलेले असते. उभ्या भागावर रंग जाड झाला तर तो ओघळतो. त्याला ‘सॅग’ म्हणतात. पोस्टर कलर पातळ करून उभ्या कागदावर लावणाऱ्या प्रत्येक मुलाने हा दोष अनुभवलेला आहे.

रंगसाहित्याचे मूळ सूत्र सोपे आहे. रंग म्हणजे रंगद्रव्य, त्याला धरून ठेवणारा पदार्थ आणि पातळ करणारा द्रव. जलरंगात धरून ठेवतो तो डिंक, पातळ करते पाणी. तैलरंगात जवसाचे तेल आणि टर्पेंटाइन. गाडीच्या रंगात कृत्रिम रेझिन आणि सॉल्व्हंट किंवा पाणी. पदार्थ बदलले, सूत्र तेच.

दुसरा भेद पारदर्शकतेचा. जलरंग पारदर्शक असतो. खालचा पांढरा कागदच त्याचा उजेड, म्हणून त्यात आधी फिका आणि मग गडद रंग लावतात. पोस्टर कलर अपारदर्शक असतो. गडदावर फिका चालतो. तैलरंगात एकावर एक पातळ पारदर्शक थर चढवण्याच्या तंत्राला ग्लेझिंग म्हणतात. त्यातून आतून उजळल्यासारखी खोली येते.

गाडीवरही थरच असतात. पत्रा धुऊन, त्यावर रासायनिक प्रक्रिया करून तो विजेच्या साहाय्याने रंगाच्या टाकीत बुडवतात. हा गंज रोखणारा पहिला थर. मग प्रायमर, मग रंगाचा बेस कोट, शेवटी पारदर्शक क्लिअर कोट. सगळे मिळून साधारण १०० ते १२० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या एक-दोन केसांएवढी जाडी. मोत्यासारखी झळाळी असलेल्या रंगांत मध्ये आणखी एक अर्धपारदर्शक थर असतो. शेकडो वर्षांपूर्वीच्या तैलचित्रकारांचे ग्लेझिंग आज रोबोटच्या हाताने चालू आहे.

कला आणि कारखाना यांची सांगड नवी आहे का?

अजिबात नाही. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टची सुरुवात १८५७ मध्ये झाली. त्यासाठी सर जमशेटजी जीजीभाई यांनी १८५३ मध्येच एक लाख रुपये देऊ केले होते. संस्थेच्या सुरुवातीच्या नावात ‘आर्ट’च्या जोडीला ‘इंडस्ट्री’ हा शब्दही होता. म्हणजे या राज्यातले आधुनिक कलाशिक्षण सुरू झाले तेच कारागिरी आणि उत्पादन सुधारण्याच्या हेतूने.

त्याहून जवळचे उदाहरण पुणे-लोणावळा लोहमार्गावर आहे. पिंपरीहून लोकलने लोणावळ्याकडे जाताना मळवली स्टेशन लागते. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत सुरू केलेला लिथोग्राफिक छापखाना काही वर्षांत मळवलीला हलला. पुढे फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने तो विकत घेतला. देवादिकांची जी चित्रे घराघरांत पोहोचली, त्यातली असंख्य या कारखान्यात छापली गेली. लिथोग्राफीचे तत्त्व सोपे आहे. तेल आणि पाणी मिसळत नाहीत. गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने उलटे चित्र काढायचे, दगड ओला करायचा, शाई फिरवायची. शाई फक्त तेलकट रेषांना धरते. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागे आणि सगळे रंग एकावर एक अचूक बसवावे लागत. छापखान्यांत आजही याला ‘रजिस्ट्रेशन’ म्हणतात. एका चित्रातले रंग वेगळे काढून दगडांवर उतरवणारा कारागीर चित्रकार की कामगार? तो दोन्ही होता. १९७२ मध्ये आगीत हा छापखाना नष्ट झाला. चाकण-भोसरीतून निघणाऱ्या मालाचे छापील खोके ज्या ऑफसेटवर छापले जातात, तो मात्र याच लिथोग्राफीचा वंशज आहे.

मोटारींच्या जगातही हेच घडले. जनरल मोटर्सने १९२७ मध्ये हार्ली अर्ल यांच्या हाताखाली गाड्यांचे रूप ठरवणारा विभाग सुरू केला. त्याचे नाव होते ‘आर्ट अँड कलर सेक्शन’. आपल्याकडे मुंबई आयआयटीत १९६९ मध्ये औद्योगिक रचना केंद्र सुरू झाले. ते घडवणारे सुधाकर नाडकर्णी जे. जे. मध्ये शिकून मग जर्मनीतील उल्मला डिझाइन शिकायला गेले होते. चित्रकलेतून उद्योगाकडे जाणारी वाट मराठी माणसाने चाललेली आहे. ती पुसट झाली आहे, एवढेच.

त्याचा परिणाम या पट्ट्यात दिसतो. १९९८ मध्ये आलेली इंडिका पिंपरीत तयार झाली, पण तिच्या रूपाची घडण इटलीतल्या ट्युरिनच्या एका डिझाइन संस्थेसोबत झाली. त्यात कमीपणा काही नाही, जगभर असेच चालते. आज पुण्यातही चांगले डिझाइन स्टुडिओ आहेत. प्रश्न असा की त्या स्टुडिओंच्या दारापर्यंत पोहोचायला चिखलीतल्या किंवा महाळुंगेतल्या कामगाराच्या मुलीला कोणती शिडी आहे? तिच्या शाळेतला चित्रकलेचा तास हीच तिची पहिली आणि बहुतेकदा एकमेव शिडी आहे.

मग अडते कुठे?

पहिली अडचण शिक्षकांची. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला १०० हून अधिक विद्यार्थी असतील, तरच कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणासाठी निदेशक अपेक्षित आहेत, तेही अंशकालीन. म्हणजे कायद्यानेच कलेला अर्धवेळ ठरवले. ज्या शाळेत चित्रकलेचा शिक्षक नाही, तिथे तो तास गणिताला जातो किंवा ‘मोकळा’ राहतो.

दुसरी अडचण तयारीच्या पद्धतीची. गुणांसाठी शिकताना स्मरणचित्र ‘पाठ’ केले जाते. बाजार, पाऊस, बसथांबा अशी ठरावीक चित्रे घोटून घ्यायची आणि परीक्षेत तीच बसवायची. त्यातून श्रेणी मिळते, पाहण्याची सवय लागत नाही. ग्रेड परीक्षेचा आराखडा वाईट नाही. उलट निरीक्षण, स्मरण, रचना आणि भूमिती यांचा तो उत्तम समतोल आहे. तो शॉर्टकटने पार करण्याची सवय वाईट आहे.

तिसरी अडचण भाषेची. शाळेत ‘पोत’, ‘छटा’, ‘यथार्थदर्शन’. कारखान्यात ‘टेक्श्चर’, ‘टोन’, ‘पर्स्पेक्टिव्ह’. दोन्ही शब्द एकाच गोष्टीचे आहेत, हे कुणी सांगितले नाही तर मुलाला दोन वेगळे विषय वाटतात.

‘संगणक आहे, एआय आहे, हाताने कशाला?’

हा आक्षेप नेहमी येतो. कॅड सॉफ्टवेअर रेषा सरळ ओढते, हे खरे. पण कोणती रेषा ओढायची, कुठे छेद घ्यायचा, कोणते दृश्य दाखवले की पुढच्या माणसाला कळेल, हे त्याला सांगावे लागते. मशीनजवळ उभे राहून सुपरवायझरला अडचण समजवायची असेल, तर आजही पुठ्ठ्याच्या तुकड्यावर पेनने काढलेले कच्चे चित्रच सर्वांत लवकर काम करते. एआयला चित्र काढायला सांगतानाही प्रकाश कुठून, कोन कोणता, रंग उष्ण की शीत, पोत कसा, हे शब्दांत सांगता आले पाहिजे. ज्याच्याकडे शब्द नाहीत त्याला यंत्र देईल तेच चांगले मानावे लागते.

दुसरा आक्षेप कलावंतांचा असतो आणि तो अधिक गंभीर आहे. चित्रकला कारखान्याच्या दावणीला बांधली तर तिच्यातला आनंद जाईल. ही भीती रास्त आहे. मुलाने चित्र काढावे ते आधी मजेसाठीच, आणि प्रत्येक चित्राचा उपयोग विचारू नये. पण आज चित्रकलेला आनंदाच्या नावाने तरी कोण वेळ देत आहे? ती आधीच गुणांच्या दावणीला बांधलेली आहे. त्यापेक्षा हा विषय आपल्या गावात, आपल्या घरच्यांच्या हातात कुठे जिवंत आहे, हे मुलाला कळणे अधिक मोकळे करणारे आहे. पाहायला शिकलेला डोळा कारखान्यात वापरला म्हणून चित्र काढताना कमी पडत नाही.

काय करता येईल?

त्यासाठी मोठा निधी लागत नाही. वस्तुचित्राला तांब्या आणि फळांच्या जोडीला बेअरिंग, गिअर, नट-बोल्ट ठेवता येतील. या पट्ट्यात ते शाळेला फुकट मिळतील. घनभूमिती शिकवताना एकदा खरे जॉब ड्रॉइंग फळ्यावर लावता येईल. वर्गाच्या भिंतीवर एकच तक्ता पुरेल : डावीकडे छटा, पोत, प्रमाण, अवकाश, यथार्थदर्शन आणि उजवीकडे कारखान्यात त्याला काय म्हणतात.

कंपन्यांनी सामाजिक जबाबदारीच्या निधीतून भिंती रंगवून घ्याव्यात, हरकत नाही. पण त्यापेक्षा आठवी-नववीच्या मुलांना तासभर लाइट बूथसमोर उभे करावे. एकच भाग तीन दिव्यांखाली दाखवावा. रंगाचा सगळा धडा तिथे पाच मिनिटांत होतो. आयटीआयने पहिले काही आठवडे हाताने स्केच काढायला द्यावेत. महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत चित्रकलेचा पूर्णवेळ शिक्षक ही चैन न मानता, कामगार घडवणाऱ्या शहराची गरज मानली पाहिजे. कायदा अर्धवेळ म्हणतो म्हणून शहराने अर्ध्यावर थांबायची सक्ती नाही.

पालकांना करण्यासारखी गोष्ट सर्वांत सोपी आहे. सात गुण जरूर मोजावेत. पण रविवारी एकदा मुलीला सोसायटीच्या पार्किंगमध्ये न्यावे. एखाद्या गाडीचा दरवाजा आणि बंपर आधी सावलीत, मग उन्हात पाहायला सांगावे. फरक दिसला का, आणि तो का दिसला, हे तिला विचारावे. उत्तर तिला येण्याची शक्यता बरीच आहे. चित्रकलेच्या तासाला तिने ते ऐकलेले असते.